संत्र्याच्या बागेवरून: ड्रोन चित्रणातल्या वेगबदलाच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर

काम: नागपूरजवळच्या कळमेश्वर-काटोल पट्ट्यातल्या संत्र्याच्या आंबिया बहाराच्या (हिवाळ्यात तोडणीला येणाऱ्या पिकाच्या) तोडणीवर ९० सेकंदांची फिल्म. बाग, तोडणी, पांदणीतून निघालेली गाडी आणि शेवटी नागपुरातला कळमन्याचा बाजार. निवेदन नाही, पाट्याही नाहीत. अंतर दाखवायचं तिथे चित्राचा वेग चढेल, हात आणि फळ दाखवायचं तिथे उतरेल.

टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची, चित्रण ४के आणि सेकंदाला ५० फ्रेमला. ६० घ्या असा आग्रह नेहमी होतो, पण २५ च्या टाइमलाइनवर ६० बसत नाही. ६० भागिले २५ म्हणजे २.४. त्यामुळे साध्या वेगातही सॉफ्टवेअर कधी २ तर कधी ३ फ्रेम पुढे उडी मारतं: २, २, ३, २, ३. आभाळ किंवा तळं असेल तर चालून जातं. बागेच्या ओळी आडव्या सरकत असताना तीच अडखळ डोळ्याला खुपते. ५० असेल तर एकाआड एक फ्रेम उचलली की काम झालं. निम्म्या वेगाला प्रत्येक फ्रेम एकदाच वापरली जाते, काहीही बनवावं लागत नाही. ६० मुळे संथपणा ५० टक्क्यांवरून ४१.६७ पर्यंत उतरतो, एवढाच फायदा. त्यासाठी बाकी सगळी फिल्म अडखळती करण्यात अर्थ नाही.

दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप टाकण्यापूर्वी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये २५ टाकून ठेवलं. एकदा टाइमलाइनवर काम सुरू झालं की हे सॉफ्टवेअर हा आकडा बदलू देत नाही.

१९ नोव्हेंबर

जागा आणि परवानगी. सोनेगावचा विमानतळ शहराला चिकटून असल्यामुळे नागपूरचा मोठा भाग त्याच्या वर्तुळात येतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा विभाग (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही), त्यापलीकडे ४०० फूट. कळमेश्वरच्या बागा १२ किलोमीटरच्या बाहेर पडतात. तरी उडवायच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघायचा, कारण तात्पुरते लाल विभाग जाहीर होऊ शकतात. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्याच्या कामाला उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. कळमन्यात ड्रोन नाही. तिथे जिंबलवरचा (हादरे शोषणाऱ्या मुठीवरचा) कॅमेरा.

२२ नोव्हेंबर

शटर आणि एनडी फिल्टरचा (लेन्सवरच्या, उजेड कापणाऱ्या काचेचा) हिशेब. ड्रोनच्या लेन्सचं छिद्र f/२.८ वर कायम आहे, ते बंद-उघड होत नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला f/१६ वर १/१०० शटर बसतं. f/१६ ते f/२.८ म्हणजे ५ स्टॉप जास्त उजेड (दर स्टॉपला दुप्पट). तो परत कापायला एनडी ३२. सकाळी आठच्या कोवळ्या उन्हाला एनडी ८ पुरतो. फिल्टर न लावता शटर १/३२०० वर गेलं की प्रत्येक पान सुईसारखं धारदार येतं आणि वेग वाढवल्यावर चित्र तडतडतं. ते नंतर एडिटमध्ये मऊ करणं फार खर्चिक पडतं.

एक गोष्ट आधीच मान्य करून चालायचं. शटर फ्रेमच्या किती वेळ उघडं राहतं ते अंशांत मोजतात, पूर्ण वेळ म्हणजे ३६०. ५० फ्रेमला १/१०० म्हणजे १८० अंश, पण २५ च्या टाइमलाइनवर साध्या वेगात तेच ९० अंश होतात, आणि ४०० टक्क्यांना २२.५. म्हणजे वेगवान तुकड्यात धूसरपणा जवळजवळ उरतच नाही. तो वेगळा घालावा लागणार. ५ डिसेंबरच्या नोंदीत त्याची पद्धत आहे.

२६ नोव्हेंबर

या सगळ्या कामाचा गाभा आजच्या चाचणीत आहे, म्हणून सविस्तर.

जुन्या लागवडीच्या बागेत झाडं ६ × ६ मीटरवर असतात. ड्रोन ओळींना काटकोनात, सेकंदाला ६ मीटर वेगाने उडवला. साध्या वेगात एका फ्रेमला ०.२४ मीटर सरकतो. आता याच क्लिपचा वेग वाढवत गेलो तर असं दिसतं. ४०० टक्क्यांना फ्रेमला ०.९६ मीटर, म्हणजे दोन ओळींमधल्या अंतराचा साधारण सहावा हिस्सा. बाग नीट वाहते. ८०० ला १.९२ मीटर, जवळजवळ तिसरा हिस्सा. ओळी चमचमायला लागतात. १२५० ला बरोबर ३ मीटर, म्हणजे अर्धी ओळ. इथे डोळ्याला कळतच नाही की बाग पुढे चालली की मागे. दोन चित्रं आलटून पालटून लुकलुकतात. २४०० ला बाग हळूहळू उलटी चालताना दिसते. आणि २५०० ला प्रत्येक फ्रेममध्ये झाडाच्या जागी पुढचं झाड येऊन बसतं, त्यामुळे ड्रोन जागच्या जागी थांबल्यासारखा वाटतो. फक्त बांध आणि विहीर तेवढी सर्रकन निघून जाते.

म्हणून नियम ओळीच्या अंतरावर बांधायचा, सॉफ्टवेअरच्या टक्क्यांवर नाही. एका फ्रेमला सरकणारं अंतर ओळींमधल्या अंतराच्या पाव हिश्श्याच्या आत ठेवा. ६ मीटरला दीड मीटर. सेकंदाला ६ मीटर उड्डाणाला ६२५ टक्के, १० मीटर उड्डाणाला ३७५. दाट लागवडीत, जिथे एका बाजूने अंतर ३ मीटर आहे, त्या दिशेने उडताना मर्यादा निम्मी. उंची वाढवून यातून सुटका नाही. प्रमाण तेच राहतं. उलट उंचावरून ओळी जास्त दिसतात म्हणून लुकलुकही जास्त दिसते.

सुटका दिशेत आहे. ओळींना बरोबर काटकोनात न उडता १५ ते २० अंश तिरपं उडालं की झाडावर झाड पडत नाही, आणि बाग थांबल्याचा भास जातो. पण ४५ अंश नको. चौरस लागवडीत कर्णाच्या दिशेला झाडांच्या नव्या ओळी तयार होतात, आणि त्यांच्यातलं अंतर ६ नव्हे, ४.२४ मीटर असतं. तिथे लुकलुक आधीच सुरू होते.

उंचीचा प्रश्न वेगळा आहे, पण तोही मोजता येतो. साधारण ७४ अंशांच्या लेन्सने सरळ खाली पाहताना झाडांच्या शेंड्यांपासून १० मीटर वर असलो तर चौकटीत उड्डाणाच्या दिशेने जेमतेम साडेआठ मीटर मावतात. ४०० टक्क्यांना एक झाड ९ फ्रेममध्ये चौकटीबाहेर जातं. काय पाहिलं ते कळत नाही. ४० मीटर वर तेच झाड ३५ फ्रेम टिकतं, म्हणजे सुमारे १.४ सेकंद. एखादी गोष्ट किमान २५ फ्रेम डोळ्यासमोर राहिली पाहिजे, हा आमचा दंडक. तेव्हा जोरात जायचं ते ३० ते ४५ मीटरवरून, आणि खाली उतरायचं ते वेग उतरवतच.

ऊन: या दिवसांत भर दुपारीही सूर्य ५० अंशांच्या खालीच असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो ४५ वर येतो, तेव्हा झाडाची सावली झाडाएवढीच लांब पडते. दोन ओळींमधली मोकळी पट्टी अर्धीअधिक काळी होते आणि एका ओळीच्या दोन ओळी दिसतात, एक हिरवी आणि एक काळी. लुकलुक तपासताना हे धरूनच तपासा. ढगाळ दिवशी तीच क्लिप ८०० पर्यंत चालून जाते.

२७ नोव्हेंबर

फाइली उतरवल्या. १५० मेगाबिट प्रति सेकंदाला एका मिनिटाचे सव्वा जीबी धरा, थोडं कमीच भरतं. एच.२६५ च्या मूळ फाइलीवर वेगाचा कर्व्ह (वेग कसा चढतो-उतरतो त्याची रेषा) ओढत बसू नका. त्यात बहुतेक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून असतात. वेग बदलला किंवा उलटा केला की संगणक प्रत्येक फ्रेमसाठी मागे धावतो आणि प्लेबॅक अडकतं. मग दोष कर्व्हचा की संगणकाचा ते कळत नाही. आधी डीएनएक्सएचआर प्रॉक्सी (एडिटला हलक्या जाणाऱ्या नकला) बनवल्या, मग हात लावला.

३० नोव्हेंबर

पहिला उतार. शॉट असा: ४ सेकंद ४०० टक्क्यांनी बागेवरून, १ सेकंदात उतार, मग ५ सेकंद ५० टक्क्यांनी एका लगडलेल्या झाडावर.

किती मूळ चित्रण लागेल? कर्व्हखालचं क्षेत्रफळ काढायचं. ४ सेकंद ४०० ने म्हणजे १६ सेकंद. उतार सरळ रेषेत असेल तर सरासरी २२५ टक्के, म्हणजे २.२५ सेकंद. शेवटचे ५ सेकंद निम्म्या वेगाने म्हणजे २.५. एकूण २०.७५ सेकंद. सेकंदाला ६ मीटरने १२४.५ मीटर. त्यातला संथ तुकडा १०९.५ मीटरपासून सुरू होतो. म्हणजे ज्या झाडावर वेग उतरवायचा आहे, त्याच्या ११० मीटर आधी ड्रोन पूर्ण वेगात असला पाहिजे. धावपट्टी म्हणून त्याच्या मागे आणखी २० मीटर. १३० मीटर म्हणजे २१-२२ ओळी. बागेत उभं राहून ओळी मोजायच्या, झाडाच्या बुंध्याशी क्रेट ठेवून खूण करायची, आणि मगच उडवायचं. वेगबदल उडवण्याआधी ठरलेला नसेल तर एडिटला बसल्यावर नेमकं झाड कर्व्हच्या चुकीच्या जागी येतं, आणि मग कर्व्ह ताणून ओढून बसवावा लागतो. तो ताण पडद्यावर दिसतोच.

उताराचा आकार. सरळ रेषेचा उतार शेवटी झटका देतो. त्याचं कारण असं की डोळ्याला वेगातला फरक पटीत जाणवतो. ४०० वरून ५० म्हणजे तीन वेळा निम्मं: ४००, २००, १००, ५०. सरळ रेषेत पहिलं निम्मं व्हायला २५ पैकी १४ फ्रेम जातात आणि शेवटचं निम्मं साडेतीन फ्रेममध्ये उरकतं. म्हणून सुरुवातीला काही घडतच नाही असं वाटतं आणि शेवटी ब्रेक लागतो. रीटाइम कर्व्ह उघडून दोन्ही स्पीड पॉइंट (वेग जिथे बदलतो ते बिंदू) गुळगुळीत केले, आणि बिंदूला जोडलेली, कर्व्हचा बाक ठरवणारी संथ बाजूची दांडी वेगवान बाजूच्या दुप्पट लांब ठेवली. तिन्ही टप्प्यांना सारखा वेळ मिळेल असा कर्व्ह काढला तर सरासरी २२५ ऐवजी १६८ येते, आणि संथ तुकडा १०९.५ ऐवजी १०६ मीटरवर सुरू होतो. फरक साडेतीन मीटरचा. अर्ध्या ओळीपेक्षा जास्त, म्हणून खूण करताना लक्षात घ्या.

दोन्ही बाजूंना सारख्या दांड्या ठेवल्या तर वापरलं जाणारं चित्रण सरळ रेषेइतकंच राहतं. हिशेब न बदलता फक्त धार घालवायची असेल तेव्हा तेवढं पुरे.

२ डिसेंबर

५० टक्क्यांच्या खाली जायचं का? नाही. आज ऑप्टिकल फ्लोने (मधल्या फ्रेम अंदाजाने बनवण्याच्या पद्धतीने) वेग २५ पर्यंत नेऊन प्रत्येक फ्रेम पाहिली. संत्र्याच्या बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम लावलेलं असतं, त्यामुळे गडद मातीवर पांढुरके खांब उभे दिसतात. ड्रोन ३ मीटरवरून बाजूने जाताना मधल्या बनवलेल्या फ्रेममध्ये हे खांब मेणासारखे वाकतात, आणि त्यांच्या कडेची माती त्यांच्याबरोबर ओढली जाते. ठिबकची काळी नळी मध्येच तुटते, पुढच्या फ्रेमला परत जोडली जाते. कारण सरळ आहे: खांबामागची माती आधीच्या फ्रेममध्ये झाकलेली असते, ती कुठून आणायची हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. सारख्या दिसणाऱ्या ओळी असतील तर आणखी वाईट. ते या झाडाची जोडी पुढच्या झाडाशी लावतं. मोशन एस्टिमेशनची सेटिंग एन्हान्स्ड बेटर केल्याने कडा सुधारल्या, नळी तुटायची थांबली नाही. रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीतला स्पीड वॉर्प हा फ्रेम बनवण्याचा पर्याय जास्त चांगला आहे, पण तो रेंडरला खूप वेळ खातो आणि झाकलेली माती त्यालाही ठाऊक नसतेच.

यावरचा इलाज ड्रोनच्या रिमोटच्या स्टिकवर आहे. झाडाजवळ येताना ड्रोनचाच वेग ६ वरून २ मीटरवर आणला आणि टाइमलाइनवर ४०० वरून १०० पर्यंतच उतरलो. ६ मीटरने उडून ५० टक्के केलं तर पडद्यावर ३ मीटर दिसतात. इथे २ मीटर दिसतात, म्हणजे जास्तच संथ. शिवाय पानांची सळसळ आणि तोडणाऱ्या बाईचे हात खऱ्या गतीत राहतात. आमचं ठाम मत: माणूस चौकटीत असेल तर १०० च्या खाली जाऊ नका. निम्म्या वेगात फळ तोडणारा हात जड वाटतो, आणि ही माणसं किती चपळाईने देठ कापतात तेच नेमकं हरवतं. ५० टक्के राखून ठेवा ते झाडावरून घरंगळणाऱ्या दवाला, क्रेटमध्ये ओतल्या जाणाऱ्या संत्र्यांना.

५ डिसेंबर

वेगवान तुकड्याचा धूसरपणा. ४०० टक्क्यांना ५० फ्रेमच्या चित्रणातली दर आठवी फ्रेम दिसते, मधल्या सात फुकट जातात. त्या फुकट न घालवता त्यांची सरासरी काढायची. आठपैकी चार मिसळल्या की साधारण १८० अंशांचा धूसरपणा मिळतो. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये टीमिक्स (लागोपाठच्या फ्रेम मिसळणारा) फिल्टर, फ्रेम ४. फक्त वेगवान तुकडाच हवा असेल तर त्यापुढे फ्रेमस्टेप ८ (दर आठवी फ्रेमच ठेवणारा फिल्टर) जोडा. उतार असलेल्या शॉटला फ्रेमस्टेप लावू नका, कारण कर्व्ह चालवायला सगळ्या फ्रेम लागतात.

मांडणी: ट्रॅक १ वर मूळ क्लिप, ट्रॅक २ वर टीमिक्स केलेली, दोन्हींना तोच वेग. पेस्ट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये रीटाइम इफेक्ट्सवर खूण केली की कर्व्ह जसाच्या तसा उतरतो. मग वरच्या ट्रॅकची ओपॅसिटी (अपारदर्शकता) वेग ४०० असेतोवर १००, आणि वेग २०० वरून १०० ला उतरेपर्यंत शून्यावर. टीमिक्स मागच्या फ्रेम मिसळतो म्हणून त्याचं चित्र दीड फ्रेम मागे असतं. ५० च्या हिशेबात वरच्या क्लिपमधलं चित्र १ किंवा २ फ्रेम आधी आणा, नाहीतर उतारात दुहेरी कडा दिसतात. रंगकाम या सगळ्यानंतर.

स्थिरीकरण मात्र आधी, मूळ वेगावर. वेग वाढला की वाऱ्याने आलेला बारीक हेलकावाही चार पट जलद होतो आणि थरथर दिसते. मूळ क्लिप स्थिर करून कंपाउंड क्लिप केली, मग वेग बदलला. उलट क्रमाने केलं तर सॉफ्टवेअर उताराला हेलकावा समजून चौकट पुढे-मागे ओढतं.

८ डिसेंबर

धुक्याचा शॉट. इथे व्हिडिओ नको, हायपरलॅप्स (उडता उडता ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेलं चित्र). दर २ सेकंदांनी एक फोटो, सेकंदाला अर्धा मीटर. १० सेकंदांच्या चित्राला २५० फोटो, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद आणि अडीचशे मीटर अंतर. फोटोमागे १ मीटर, ओळींच्या अंतराचा सहावा हिस्सा. चाचणीत पाहिलेल्या मर्यादेत बसतं. १५० टक्के केलं की दीड मीटर, इथेच थांबायचं. हायपरलॅप्स संथ करता येत नाही, मधल्या फ्रेम अस्तित्वातच नाहीत. थंडीत बॅटरी लवकर उतरते. ३० टक्के राहिली की खाली. धुक्यातून ओले झालेले पंखे आणि लेन्स पुसल्याशिवाय दुसरं उड्डाण नाही. ड्रोन नजरेआड जाईल एवढं दाट धुकं असेल तर उडवायचंच नाही. विरळ व्हायला लागल्यावरचा अर्धा तास चित्रालाही जास्त चांगला.

१० डिसेंबर

कळमना. पांदणीवरून जाणाऱ्या गाडीच्या शॉटला १०० वरून ६०० पर्यंत चढवलं आणि चढाच्या टोकाला कापलं; पुढचा शॉट बाजारातल्या संत्र्यांच्या ढिगावर ६०० ने सुरू होऊन १०० ला उतरतो. दोन्हीकडे हालचालीची दिशा एकच हवी: गाडी चौकटीत खालून वर, तर जिंबलही पुढेच सरकलं पाहिजे. कट उताराच्या मध्यावर नको, सर्वांत जास्त वेगावर. तिथे दोन्ही चित्रं धूसर असतात म्हणून जोड झाकला जातो. गाडीच्या तुकड्यात ६०० चालतं कारण पांदण सरळ आहे आणि कडेची झाडं अनियमित अंतरावर आहेत.

पहाटेच्या लिलावाला दिव्यांचा उजेड असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/१२० किंवा १/२०० ठेवून नंतर वेग वाढवला तर सगळा बाजार धडधडताना दिसतो.

१३ डिसेंबर

आवाज. वेगाबरोबर आवाज ताणायचा नाही. बागेतला आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला: कात्रीची कटकट, क्रेट आदळणं, लांबून ट्रॅक्टर. वेगवान तुकड्यात हे सगळं खाली, उताराच्या शेवटच्या ६ फ्रेममध्ये कात्री वर. चित्राआधी आवाज पोहोचला की उतार मऊ वाटतो.

संगीताचा ठोका मिनिटाला १०० च्या लयीत घेतला: एक ठोका ०.६ सेकंद, बरोबर १५ फ्रेम. १२५ ची लयही बसते, १२ फ्रेम. १२० मात्र टाळा. ठोका साडेबारा फ्रेमवर पडतो आणि दर दुसरा वेगबदल अर्ध्या फ्रेमने चुकतो.

१६ डिसेंबर

एक्सपोर्ट. ४के २५ ला यूट्यूब ३५ ते ४५ मेगाबिट सुचवतं. आम्ही ८० ने चढवतो, कारण तिथे ते पुन्हा दाबलं जातंच, आणि पानांनी भरलेली, धावणारी बाग हे दाबणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी सर्वांत अवघड चित्र आहे. धूसरपणा घातलेला तुकडा इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो: बारीक कडा कमी, म्हणून पानांचा चिखल होत नाही.

बागायतदार मंडळी फिल्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाहणार, म्हणून वेगळी प्रत. ७२० पी, वेगवान तुकडे ४०० ऐवजी ३००, टीमिक्स ४ ऐवजी ३. मूळ शॉट तोच असल्यामुळे ४ सेकंदांचा तुकडा ५.३ होतो, तेवढा वेळ पांदणीच्या शॉटमधून कापला, म्हणजे संगीताचे ठोके हलत नाहीत. लहान पडद्यावर ओळी आणखी बारीक दिसतात आणि दाबल्यावर एकमेकींत मिसळतात, तेव्हा पाव हिश्श्याच्या नियमाऐवजी इथे सहावा हिस्सा धरा.